नव्या डोळ्याचं बारसं

मोतीबिंदू झाल्याचं कळलं की माणसं "अरेरे" म्हणतात, नाहीतर "आता काही नसतं हो त्यात" म्हणतात. आमचे अण्णा "अभिनंदन" म्हणायचे. आणि पाठोपाठ विचारायचे, "उजवा का डावा?"

माझी पाळी आली तेव्हा पोस्टातून निवृत्त होऊन मला वर्षही व्हायचं होतं. डॉक्टरांकडून बाहेर पडले आणि रिक्षातूनच अण्णांना फोन लावला. चार शब्द धीराचे ऐकावेत असं मनात होतं. मी "उजवा" म्हटलं, तशी पलीकडं ते कुणाला तरी मोठ्यानं सांगायला लागले, "पोस्टातल्या बाईंचा उजवा. नारळ आणून ठेव." मग मला म्हणाले, "आता आळस करू नका बाई. मघा मावळायच्या आत डोळा तयार पायजे."

मघा म्हणजे तारा. वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, आणि ते इतकं सावकाश होतं की निळा रंग आपल्याला नीट दिसेनासा झालाय हे कळतच नाही. भिंग बदललं की निळा परत येतो. अण्णांनी हे कुठंतरी वाचलं होतं आणि त्यावरून आमच्या दुर्बिणी बनवणाऱ्या मंडळात एक रीतच पाडली होती. ऑपरेशन झालेल्या माणसाला डॉक्टरांनी मोकळीक दिली की शनिवारी अंगणात खुर्चीवर बसवायचं, नारळ फोडायचा, सगळ्यांना गोड म्हणून कुंदा वाटायचा, आणि त्या दिवसांत वर असलेला एखादा निळा तारा दुर्बिणीतून दाखवायचा. आधी जुन्या डोळ्यानं, मग नव्या. मग त्या ताऱ्याचं नाव त्या डोळ्याला ठेवायचं. अण्णांच्या मंडळी, आमच्या वहिनी, आत्याच्या मानानं पुढं येऊन कानात कुर्रर्र करून ते नाव सांगायच्या.

मी जुन्या डोळ्यानं मघा बघितली, ती गव्हाच्या दाण्यासारखी दिसली. नव्या डोळ्यानं बघितली आणि खुर्चीवरून उठलेच. असा निळा रंग शेवटचा कधी बघितला होता ते आठवेना. मला रडू यायला लागलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, डोळा ओला करू नका, अजून टाके ताजे आहेत. टाके घालतच नाहीत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

निपाणीचे मास्तर आमच्यातले सगळ्यात शिकलेले. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, सरळ, थोडे विसराळू. त्यांच्या डाव्या डोळ्याचं नाव चित्रा. एकदा ते बेळगावहून एसटीनं परत चालले असताना अण्णांचा फोन आला, चित्रा कशी आहे. भरल्या गाडीत मास्तरांनी सांगितलं की चित्रा आता बरी आहे, फक्त रात्री तिला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. मागच्या बाकावर त्यांच्या बायकोची चुलतबहीण बसली होती. पुढं काय झालं ते मास्तरांनी कधी सांगितलं नाही, पण त्यानंतर दोन शनिवार ते आले नाहीत. तिसऱ्या शनिवारी त्यांच्या पत्नी स्वतःच बरोबर आल्या, चित्रा कोण ते बघायला.

अण्णा बेळगावातल्या शहापूरचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या साड्यांचे माग. हातमाग गेले, त्यांच्या जागी पॉवरलूम आले, पुढं तेही पुतण्यानं वडगावला हलवले. मागाची लांबलचक खोली रिकामी झाली आणि तिथं अण्णांनी दुर्बिणी बनवणाऱ्यांचं मंडळ बसवलं. दर शनिवारी संध्याकाळी जमायचं. एका पिंपावर जाड काच ठेवायची, तिच्यावर दुसरी काच ठेवून मधे ओली वाळू घालायची, आणि पिंपाभोवती हळूहळू फिरत घासत राहायचं. महिने गेले की वरच्या काचेला बशीसारखा खोलगटपणा येतो. मग लाल पूड लावून ती चकचकीत करायची, मुलामा करून आणायची, की झाला दुर्बिणीचा आरसा. ती लाल पूड कपड्यांवरून जात नाही. मंडळाचा माणूस कोण हे आमच्या बाह्यांवरून ओळखता यायचं.

माझी त्यांची ओळख पोस्टाच्या खिडकीतली. त्यांच्या नावानं काचांची पार्सलं यायची. ते तिथंच उघडायचे आणि काच ट्यूबलाइटपुढं धरून एक डोळा मिटून बघत राहायचे. मागं रांग खोळंबायची. एकदा मी चिडून विचारलं की त्यात एवढं काय बघताय. ते म्हणाले, "आज काय न्हाय बाई. हे दिसाय लागायला सहा म्हैने घासाय लागतंय. शनवारी या." मी गेले ती मग जातच राहिले.

वाकड्या-सरळ्याचं त्यांना वेड होतं. चहाच्या बशीत दिव्याचं प्रतिबिंब तपासल्याशिवाय चहा प्यायचे नाहीत. लग्नाच्या पंगतीत बसले की वाढप्यापुढं ताट उलटं करून त्यात तोंड बघायचे, आणि तोंड वेडंवाकडं दिसलं की ताट बदलून मागायचे. वहिनी पंगतीत त्यांच्या शेजारी बसत नसत. काच घासताना त्यांचं त्या काचेशीच बोलणं चालायचं. शिव्या द्यायच्या असल्या की कानडीत आणि कौतुक करायचं असलं की मराठीत. सदलग्याच्या आप्पांना दोन्ही भाषा सारख्याच यायच्या. ते एकदा म्हणाले, "अण्णा, काचंला वाटत असंल कानडी माणसं लई तापट." त्यावर अण्णांनी पुढचा शनिवारभर उलटं करून बघितलं. पण मराठीत शिव्या दिल्यावर हात थांबतो, असं त्यांचं मत पडलं.

सदलग्याचे आप्पा म्हणजे उसाचे बागायतदार. उंच, दणकट, बोलायला कमी. मी मंडळात गेले तेव्हा तेच मोठी दुर्बीण खांद्यावर घेऊन गच्चीवर चढवायचे. ती इतकी उंच होती की तिच्यातून बघायला शिडी लागायची. मग आप्पांचे गुडघे गेले. गच्ची सुटली, दुर्बीण अंगणात आली. पुढं एकदा मास्तर शिडीवरून घसरले. लागलं काही नाही, पण पुढच्या शनिवारी शिडीच नव्हती. अण्णांनी ती गल्लीतल्या देवळाला देऊन टाकली होती. "आता काय करायचं?" मास्तरांनी विचारलं. अण्णांनी नवी काच पुढं ठेवली. आरसा जास्त खोल केला की दुर्बीण आखूड होते, तेव्हा आता खुर्चीत बसून बघता येईल अशी करायची, म्हणाले. तो सबंध पावसाळा आम्ही त्या काचेभोवती फिरलो. फिरूनही गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी जुन्या मागाची मोटर जोडून घासायचं यंत्र केलं. आमची वयं वाढत गेली तशा आमच्या दुर्बिणी बसक्या होत गेल्या.

माणसं मात्र कमी होत गेली. कुणी पुण्याला मुलाकडं गेलं, कुणी बेंगळुरूला मुलीकडं. काही वारले. सगळे सल्ला द्यायचे की तरुण पोरं आणा. आम्ही एका कॉलेजात दुर्बीण घेऊन गेलो. पोरं भरपूर आली, चंद्राचे मोबाइलवर फोटो काढले, लई भारी म्हणाली, आणि त्यातलं एकही पुन्हा शहापुरात फिरकलं नाही. त्यांचा दोषही नव्हता. त्यांच्या परीक्षा होत्या, नोकऱ्या शोधायच्या होत्या. सहा महिने एका काचेवर कोण घालवणार?

शेवटी अण्णा धरून आम्ही चारच राहिलो. मास्तरांनी एकदा विषय काढला की दुर्बिणी एखाद्या शाळेला द्याव्यात आणि मंडळ नीट, मानानं बंद करावं. त्यांना निपाणीहून यायला त्रास व्हायला लागला होता. अण्णा म्हणाले, "फुडल्या शनवारी बोलू." पुढच्या शनिवारी मास्तरांनी आठवण केली, तेव्हाही तेच. असं कितीतरी महिने चाललं. मास्तरांना तो विषय बोलण्यासाठी का होईना, यावंच लागायचं.

दिवाळी होऊन गेली होती. दिवेलागणीला शनी चांगला वर यायचा. अंगणात मास्तरांनी दुर्बीण लावली. आमच्याकडं पहिलं बघायचं ते अण्णांनी. ते बसले, डोळा लावला आणि नेहमीसारखं सांगायला लागले. शनीचं कडं कसं ऐसपैस उघडलंय, मधली काळी रेघ कशी स्वच्छ आहे, शेजारी त्याचा चंद्र कसा टिकलीएवढा दिसतोय. मग उठून म्हणाले, "या बाई, बसा."

मी बसले. डोळ्यापुढं नुसता अंधार होता. वाटलं, दुर्बीण हलली असेल. हात पुढं करून चाचपलं तर नळकांड्याच्या तोंडावर झाकण तसंच होतं. डेचकीचं ॲल्युमिनियमचं झाकण, धूळ जाऊ नये म्हणून आम्ही लावायचो ते. नेम धरायची छोटी दुर्बीण बाजूला वेगळी असते. मास्तरांनी तिच्यातून शनी धरला होता आणि झाकण काढायचं विसरले होते.

मी आप्पांकडं बघितलं. त्यांनीही झाकण बघितलं होतं. मास्तरांनीही. मी ते अलगद काढलं आणि आवाज होऊ न देता मांडीवर ठेवलं. शनी समोर आला. त्या वर्षी कडं मिटत चाललं होतं, नुसती कड दिसत होती. ऐसपैस काही नव्हतं. "दिसलं का न्हाय?" अण्णांनी विचारलं. मी हो म्हटलं. वहिनींनी चहा आणला आणि आम्ही तो प्यालो.

अण्णा आत गेल्यावर वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या की वर्ष होऊन गेलं असेल. पेपर बंद झालाय, रेडिओ ऐकतात. भिंतीला हात लावून चालतात आणि विचारलं तर भिंत गार आहे का बघतोय म्हणतात. डॉक्टरांचं नाव काढलं की थंडी जाऊ दे, ऊन जाऊ दे, पाऊस जाऊ दे. तरुणपणी मागावर काम करताना त्यांच्या डोळ्यात तारेचा तुकडा उडाला होता. तो काढताना ते टेबलावरून उठून पळाले होते, आणि तेव्हापासून डोळ्याजवळ कुणाचा हात आलेला त्यांना चालत नाही. आम्हा सगळ्यांना ढकलून ऑपरेशनला पाठवणारा माणूस हा.

पुढच्या शनिवारी मी लवकर गेले. ते एकटेच बसून आरशाला लाल पूड लावत होते. हात सवयीनं बरोबर फिरत होता. मी म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी दुर्बिणीवर झाकण होतं."

त्यांचा हात थोडा वेळ फिरत राहिला. मग थांबला. आणि ते हसायला लागले. खोटं सापडल्यावर माणूस हसतो तसं नव्हे, अगदी पोटातून.

"झाकण हुतं व्हय?" ते म्हणाले. "मला तर रोजच झाकण लावल्यागत दिसतंय."

मी विचारलं, मग सांगितलं का नाही. ते म्हणाले, "मास्तर बंद करूया म्हणत्यात. आप्पाचं गुडघं गेल्यात. त्यात मी आंधळा झालो म्हटलं की संपलं. सगळ्यास्नी सुटल्यागत वाटंल. तुमास्नी बी." गेला आठवडाभर मीही तोच विचार करत होते. मी एवढंच म्हटलं की ऑपरेशन करून घ्या, आम्ही तिघं बरोबर येतो. ते म्हणाले, बघू, ऊन जाऊ दे. तेव्हा थंडीचे दिवस होते.

एवढ्यात आप्पा आले. त्यांनी सगळं दारातून ऐकलं होतं. हळूहळू येऊन बसले आणि म्हणाले, "अण्णा, एक सांगाय राहिलंय. आत टेबलावर झोपवत्यात ना, तवा वर दिवा असतोय. दुखत काय न्हाय. पर त्या दिव्यात रंग दिसत्यात. निळं येतंय, गुलाबी येतंय, ढगागत हलतंय. असलं मी आपल्या कुठल्या दुर्बिणीत बगितलं न्हाय."

अण्णांनी मान वळवली. "तुमास्नी बी दिसलं?" त्यांनी मला विचारलं.

दिसलं होतं. मला हिरवं जास्त दिसलं होतं. तेवढ्यात आलेल्या मास्तरांनीही सांगितलं की त्यांना रंग फिरताना दिसले होते, पण ती भीती असेल म्हणून ते कुणाला बोलले नव्हते. अण्णा चांगलेच संतापले. इतकी वर्षं एकत्र बसतो, कुठं ढगाची चिंधी दिसली तरी एकमेकांना सांगतो, आणि ही गोष्ट तिघांनी दाबून ठेवली. "म्हंजे सगळ्यांनी बगितलं आनि मी एकटा राहिलो," ते म्हणाले. सोमवारी त्यांनी स्वतःहून दवाखान्यात नाव घातलं.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. लांबलचक बाकांवर हिरव्या टोप्या घातलेली म्हातारी माणसं ओळीनं बसली होती, डोळ्यांत थेंब घातलेली. अण्णांचं सगळं धैर्य तिथं संपलं. ते एकसारखे बोलायला लागले. शेजारच्यांना, पलीकडच्यांना, आत गेल्यावर काय काय दिसणार ते सांगत सुटले. त्यांचा नंबर आला की शेजाऱ्याला पुढं करायचे. असे तीन-चार जण आत पाठवले. शेवटी शेजारी निपाणीकडची एक म्हातारी उरली. जन्मभर विड्या वळलेली, बारीक चणीची, अण्णांइतकीच घाबरलेली. अण्णांनी तिलाही पुढं घातलं. ती जाताना म्हणाली, "रंग दिसलं न्हाईत तर बाहीर येऊन सांगीन बग तुला."

ती बाहेर आली तेव्हा डोळ्यावर पट्टी होती. सिस्टरनं तिचा हात धरला होता. ती अण्णांपुढं थांबली आणि म्हणाली, "व्हय रं भावा. निळं दिसलं."

सिस्टर कानडीत "बर्री अज्जा", या आजोबा, म्हणाली, तोवर अण्णा उठून उभे राहिले होते.

बाहेर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न डॉक्टरांना होता, पुन्हा करता येईल का. डॉक्टर म्हणाले, दुसरा डोळा आहे की अजून. हे ऐकून अण्णांना इतका आनंद झाला की डॉक्टरांनी आम्हालाच विचारलं, यांना समजलंय ना मी काय म्हणालो ते.

घरी आणताना गाडीत ते एकदम म्हणाले की आपण सगळे मूर्ख आहोत. "पोरं आना, पोरं आना करत बसलो. पोरं पुन्याला जात्यात, बेंगळुराला जात्यात. म्हातारी कुटं जात न्हाईत. आनि दरसाली नवी तयार हुत्यात." त्यांनी बाकावरच्या झाडून सगळ्यांना शहापूरचा पत्ता सांगून ठेवला होता. कोण येतंय, असं मास्तर म्हणाले, आणि मलाही तसंच वाटलं.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या शनिवारी अण्णांच्या डोळ्याचं बारसं ठरलं. पश्चिमेला शनी होता, वर अर्धा चंद्र. अण्णा आधी शनीला बसले. डोळा लावला, काढला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "कडं तर मिटलंय की. कुनी सांगितलं न्हाय मला." मास्तर म्हणाले की त्या दिवशी ऐसपैस उघडलंय असं तुम्हीच सांगितलंत. यावर सगळ्यात आधी वहिनी हसल्या, आणि मग आम्हाला कुणालाच आवरेना. त्या झाकणाबद्दल आम्ही पहिल्यांदाच मोकळेपणानं बोललो.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. विड्या वळणारी ती म्हातारी उतरली, काळा चष्मा लावलेली, बरोबर तिच्या गल्लीतल्या आणखी दोन बायका. निपाणीहून बसनं आल्या होत्या. अण्णांनी आपलं बारसं तिथंच थांबवलं आणि तिला खुर्चीवर बसवलं. तिनं चंद्र बघितला. उठली आणि मागं जाऊन बायकांच्या ओळीत शेवटी उभी राहिली. पुन्हा पाळी आली, पुन्हा बघितला, पुन्हा मागं गेली. मग अण्णांनी तिला आमची रीत सांगितली आणि पूर्वेला वर येणारा मृगातला निळा तारा दाखवला. त्याचं नाव राजन्य, तेच तुमच्या डोळ्याला ठेवतो, म्हणाले.

"असलं नगं," ती म्हणाली. "माझंच ठेवा. सुंद्रा."

वहिनींनी विचारलं, स्वतःचंच कशाला. ती म्हणाली, "मावशी म्हनत्यात, आज्जी म्हनत्यात. सुंद्रा म्हननारं आता कोन राहिलं न्हाय बगा."

वहिनी पुढं झाल्या, तिचा पदर बाजूला करून कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. नाव कानातच सांगायचं असतं. पण अण्णांनी ते मोठ्यानं म्हटलं. मग आप्पांनी म्हटलं, मग मास्तरांनी, मग मी. प्रत्येक वेळी तिनं "ओ" दिली. तिच्या बरोबरच्या बायकांनाही ते नाव माहीत नव्हतं.

आता शनिवारी अंगणात जागा पुरत नाही. कुणी रिटायर झालेला कंडक्टर येतो, कुणी खानापूरकडचे शेतकरी येतात. सुंद्राबाई काच घासायला बसतात आणि शेवटची बस चुकवतात, मग मास्तर गाडी ठरवून त्यांना आपल्याबरोबर निपाणीला सोडतात. मंडळ बंद करायचा विषय मास्तरांनी पुन्हा काढला नाही. अण्णांचे दोन्ही डोळे झाले, बारशीही झाली. तरी दर मंगळवारी ते डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन बाकावर बसतात. सिस्टर विचारते, अज्जा, तुम्हाला काय होतंय. ते म्हणतात, मला काय न्हाय, ह्यास्नी सोबत.

परवाच्या मंगळवारी तिथून त्यांचा फोन आला. मागं दवाखान्याची गडबड ऐकू येत होती. हळू आवाजात, भाजी घ्यायला गेलेला माणूस घरी विचारतो तसं ते म्हणाले, "बाई, आज दोन चांगली पिकल्यात. एक कच्चा हाय, पर येतो म्हनतोय. घेऊ काय?"